भाजलेले बिस्किट आणि न भाजलेली वडी

हल्ली तालुक्याच्या गावातही दर दोन-चार गल्ल्यांआड एखादी गृहिणी घरी केक-बिस्किटे करून विकताना दिसते. २०२० च्या टाळेबंदीत अनेकींनी ओव्हन घेतला, मोबाइलवर पाहून केक शिकल्या आणि पुढे त्यातूनच घरबसल्या चार पैसे मिळू लागले. केक आता सगळ्यांनाच येतो, म्हणून या भगिनी नवे पदार्थ करून पाहत आहेत. त्यांपैकी दोन सध्या फार चालतात. एक म्हणजे क्रॅकर्स. हे दिवाळीतले फटाके नव्हेत! पीठ पातळ लाटून, काट्याने टोचून ओव्हनमध्ये भाजलेली खारी, कुरकुरीत बिस्किटे म्हणजे क्रॅकर्स. दुसरा पदार्थ म्हणजे 'नो-बेक बार'. खाली बिस्किटाचा चुरा, मध्ये मलईचा किंवा कन्डेन्स्ड मिल्कचा थर आणि वर चॉकलेट, असे सगळे फ्रीजमध्ये घट्ट करून कापलेल्या या थरांच्या वड्या असतात.

दवाखान्यात मला या दोन्हींबद्दल प्रश्न येतात. "डॉक्टर, घरचे आहे, मग खायला काय हरकत?" असे रुग्ण विचारतात. "मी करते ते सुरक्षित आहे ना?" असे करणाऱ्या विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका गोष्टीत आहे. क्रॅकर विस्तवावरून गेलेला असतो, वडी गेलेली नसते. म्हणून क्रॅकरचा त्रास झालाच तर तो वर्षानुवर्षांच्या सवयीतून हळूहळू होतो. वडीचा त्रास त्याच रात्री होऊ शकतो. हा फरक समजला की कोणत्या पदार्थात काय सांभाळायचे ते आपोआप कळते.

क्रॅकर ओव्हनमध्ये जातो तेव्हा

क्रॅकरच्या पिठात मैदा किंवा कणीक, लोणी किंवा तेल, मीठ, थोडा सोडा आणि पाणी असते. ओव्हनच्या १८० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत दोन गोष्टी घडतात. पिठातले जंतू मरतात आणि पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते. काट्याने टोचलेली भोके याचसाठी असतात. त्यांतून वाफ बाहेर पडते, नाहीतर क्रॅकर पुरीसारखा फुगेल. नीट भाजलेल्या क्रॅकरमध्ये पाणी जेमतेम तीन ते पाच टक्के उरते. जंतूंना वाढायला ओल लागते, ती इथे नसते. म्हणूनच आपल्या शंकरपाळ्या, कडक पुऱ्या आणि हे क्रॅकर्स हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरले तर मात्र आत घाम धरतो, ते मऊ पडतात आणि पुढे बुरशीही येते.

भाजताना रंगाकडे लक्ष द्यावे. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत तापला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. माणसाच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही, पण क्रॅकर सोनेरी झाला की काढावा. कडा काळपट झालेली घाणी 'खमंग झाली' म्हणून खपवू नये.

मिठाचा हिशेब

क्रॅकरमधला खरा धोका मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. भारतात झालेल्या पाहण्यांत आपले प्रत्यक्ष खाणे ८ ते ११ ग्रॅम आढळले आहे. म्हणजे आपली वाटी आधीच सांडते आहे आणि त्यात आपण क्रॅकर्सची भर घालतो.

नेहमीची एक कृती घेऊन हिशेब करू. २५० ग्रॅम पीठ, ६० ग्रॅम खारे बटर, एक चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि वरून भुरभुरवायला अर्धा चमचा मीठ. यात साधारण ६० क्रॅकर्स होतात. दीड चमचा मीठ म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅम. खाऱ्या बटरात १०० ग्रॅममागे सुमारे २ ग्रॅम मीठ असते, म्हणजे इथे आणखी सव्वा ग्रॅम. उरला सोडा. तो खारट लागत नाही, म्हणून त्याचा हिशेब कोणी धरत नाही. पण रक्तदाबाला जो सोडियम नडतो तो सोड्यातही आहे. भाजताना सोड्यातला वायू उडून जातो, सोडियम तिथेच राहतो. अर्धा चमचा सोड्यातला सोडियम सुमारे पावणेदोन ग्रॅम मिठाइतका भरतो. सगळी बेरीज साडेदहा ग्रॅमच्या आसपास जाते.

याचा अर्थ काय? सकाळच्या चहाबरोबर पाच आणि संध्याकाळच्या चहाबरोबर पाच क्रॅकर्स खाल्ले की पावणेदोन ग्रॅम मीठ पोटात गेले. दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा चहातच संपला. जेवण, लोणचे, पापड अजून बाकीच आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेऊनही आकडा खाली येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी चहाबरोबर काय खाता ते विचारतो. 'खारी, टोस्ट, बिस्किट, बाकी काही नाही' हे उत्तर हमखास मिळते.

सैंधव किंवा गुलाबी मीठ घातले म्हणून काही बिघडत नाही, असा एक समज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाला त्याचा रंग दिसत नाही.

करणाऱ्या भगिनींना माझे सांगणे असे, की बिनमिठाचे बटर किंवा सरळ तेल वापरा, पिठातले मीठ निम्मे करा आणि वरून भुरभुरवायचे मीठ पूर्ण बंद करा. त्याजागी ओवा, जिरे, तीळ, जाडसर कुटलेली मिरी, कसुरी मेथी, वाळवलेली लसूण यांपैकी जे आवडेल ते घाला. वरील कृतीत एवढे केले तर मीठ साडेदहा ग्रॅमवरून सव्वाचार ग्रॅमवर येते. सोडाही मोजून घाला, 'अंदाजाने' नको.

गोड नाही म्हणून चालते का?

मधुमेही रुग्णांची इथे फसगत होते. क्रॅकर गोड नसतो, पण मैद्यातला स्टार्च पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. वरील हिशेबातल्या एका क्रॅकरमध्ये सुमारे ३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. दहा क्रॅकर्स म्हणजे साधारण दीड पोळी. दीड पोळी खाल्ली तर आपण ती जेवणात धरतो. दहा क्रॅकर्स मात्र 'तोंडात टाकायला काहीतरी' म्हणून हिशेबातून सुटतात. त्यांनी पोटही भरत नाही. खायचेच असतील तर मधुमेह्याने तीन-चार घ्यावेत, सोबत वाटीभर ताक, मूठभर भाजलेले हरभरे किंवा काकडी घ्यावी आणि तेवढी पोळी जेवणात कमी करावी.

निम्मी कणीक किंवा ज्वारीचे पीठ घातलेले क्रॅकर्स मैद्यापेक्षा बरे. ज्वारीला चिकटपणा नसल्यामुळे नुसत्या ज्वारीचे लाटताना तुटतात, म्हणून थोडी कणीक लागतेच. परंतु पाव किलो मैद्यात दोन चमचे नाचणी घालून त्याला 'मल्टिग्रेन' म्हणणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

स्निग्ध पदार्थाविषयीही थोडे. वनस्पती तूप आणि मार्गारिनमधले ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फार घातक असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, ही चांगली गोष्ट झाली. तरी सुटे, बिनलेबलचे मार्गारिन स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. आणि ट्रान्स फॅट कमी झाले तरी घट्ट गोठणाऱ्या स्निग्धांशातले संपृक्त मेद राहतातच. क्रॅकर शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलातही चांगला कुरकुरीत होतो.

वडी घट्ट होते, शिजत नाही

आता दुसरा पदार्थ. थरांची वडी फ्रीजमधून काढल्यावर सुरीने स्वच्छ कापली जाते, तेव्हा ती 'तयार झाली' असे वाटते. प्रत्यक्षात लोणी आणि चॉकलेटमधली चरबी थंडीने गोठलेली असते, एवढेच. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. वडी बाहेर काढून ठेवली की ते पुन्हा कामाला लागतात. क्रॅकरमध्ये ओल नव्हती. वडीच्या मधल्या थरात दूध, मलई, साखर आणि पाणी आहे. जंतूंना याहून चांगले जेवण कोणते?

न भाजलेली वडी म्हणजे विस्तव अजिबात न लावलेली वडी, असेही समजू नये. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर नानायमो नावाचे शहर आहे. तेथील तीन थरांची वडी जगभर प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडच्या अनेक नो-बेक कृती तिच्याच वळणाच्या असतात. तिच्याशी अगदी मिळतीजुळती कृती १९५२ मध्ये तेथील रुग्णालयाला मदत करणाऱ्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकात छापली गेली आणि १९५३ मध्ये 'नानायमो बार' या नावाने ती छापून आली. या वडीच्या तळाच्या थरात अंडे असते. ते कच्चे घालत नाहीत. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात लोणी, साखर, कोको आणि अंडे मिश्रण दाट होईपर्यंत शिजवतात आणि मग बिस्किटाचा चुरा मिसळतात. मोबाइलवरच्या झटपट कृतींत हीच पायरी गाळली जाते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून कच्च्या अंड्याचा फेस घातलेली वडी लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मुळीच देऊ नये.

कच्च्या पिठाचेही तसेच. बिस्किटाच्या चुऱ्याऐवजी कच्चा मैदा, लोणी आणि साखर मळून तळाचा थर करण्याची एक पद्धत निघाली आहे. पीठ कोरडे असते, म्हणून ते निर्धोक आहे असे आपल्याला वाटते. पण गहू शेतातून येतो आणि दळल्याने जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २००९ मध्ये बिस्किटांच्या कच्च्या पिठाच्या गोळ्यातून आणि २०१६ मध्ये मैद्यातून ई. कोलाय जंतूची साथ पसरली होती. या जंतूच्या काही जातींमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपण बेसनाच्या लाडवासाठी पीठ खमंग भाजून घेतो, कच्चे वळत नाही. तळाच्या थराला भाजलेल्या बिस्किटांचाच चुरा घ्यावा. कस्टर्ड पावडरही दुधात नीट शिजवून, गार करून मग वापरावी.

बारशाच्या रात्रीची गोष्ट

एका उन्हाळ्यात एका बारशाला अशा वड्या ठेवल्या होत्या. कार्यक्रम दुपारी झाला. संध्याकाळपासून उलट्या आणि पोटात मुरडा येऊन एकामागून एक नऊ माणसे माझ्याकडे आली. ताप कोणालाच नव्हता. सर्वांना खाल्ल्यापासून तीन-चार तासांत त्रास सुरू झाला होता आणि सर्वांच्या खाण्यात या वड्या होत्या. इतक्या लवकर, ताप नसताना एकदम उलट्या सुरू झाल्या की डॉक्टरचा संशय स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवर जातो. हा जंतू आपल्या नाकात, त्वचेवर आणि विशेषतः पिकलेल्या जखमेत व गळवात असतो. हातावाटे तो मलईत उतरतो, उबेत वाढतो आणि तिथे विष तयार करून ठेवतो. पदार्थाची चव, वास, रंग काहीही बदलत नाही. आणि एकदा विष तयार झाले की फ्रीजमध्ये ठेवून ते जात नाही, उकळूनही जात नाही.

दुसऱ्या दिवशी वड्या करणाऱ्या ताई स्वतःच दवाखान्यात आल्या. बोटाला पट्टी होती, चिरा पिकला होता. वड्या सकाळी नऊला पोचवल्या होत्या आणि दुपारी एकपर्यंत मांडवात ट्रेमध्ये होत्या. त्यांना रडू आवरेना. "डॉक्टर, मुलीच्या कॉलेजची फी याच्यावर भरते. आता हे बंद करू का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "ताई, बंद कशाला करता? चार नियम पाळा." सगळे रुग्ण दोन दिवसांत बरे झाले होते. त्या बाईंचे काम आजही चालू आहे. त्यांना लिहून दिलेले नियम सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

१. बोटाला चिरा, गळू, नखुरडे असेल, किंवा जुलाब-उलटी होत असेल, तर त्या दिवसांत न भाजलेल्या पदार्थाची ऑर्डर घेऊ नये. क्रॅकर भाजला जातो, तरी भाजून झाल्यावर तो हाताळतानाही हात स्वच्छच हवेत.

२. साबणाने हात धुऊनच काम सुरू करावे. मध्येच मोबाइल हाताळला, पैसे घेतले, मुलाचे नाक पुसले की पुन्हा धुवावेत.

३. शिजवलेला थर उथळ ताटलीत लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. पातेलेभर कस्टर्ड ओट्यावर तासन्‌तास निवत ठेवू नये.

४. फ्रीजमध्ये ५ अंश किंवा त्याहून कमी तापमान हवे. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा तापमापक फारसा महाग नसतो, तो घ्यावा. वीज चार तासांहून अधिक गेली असेल तर मलईचे पदार्थ टाकून द्यावेत. नुकसान होते, पण ते गिऱ्हाइकाच्या उलट्यांपेक्षा स्वस्त पडते.

५. फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त वेळ वडी ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून एकच तास धरावा. पोचवताना बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा वापरावा.

६. तीन दिवसांत संपेल एवढीच वडी करावी. डब्यावर तयार केल्याची तारीख, 'फ्रीजमध्ये ठेवा' ही सूचना आणि दूध, शेंगदाणे, काजू, बदाम यांची नोंद करावी. काहींना दाण्यांची जीवघेणी अ‍ॅलर्जी असते.

७. खवट, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे शेंगदाणे निवडून टाकावेत. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. ओला नारळ वापरू नये, तो लवकर आंबतो.

विक्री करणाऱ्या प्रत्येकीने अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करून घ्यावी. घरातून विकले म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

वडीतली साखर

एवढे सांभाळूनही साखर उरतेच. एका ट्रेला ४०० ग्रॅमचा कन्डेन्स्ड मिल्कचा डबा, पाव किलो बिस्किटे आणि २०० ग्रॅम चॉकलेट लागते. तिन्हींतली मिळून साखर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. ट्रेच्या वीस वड्या पाडल्या तर एका वडीत सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीन चमचे साखर. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपर्यंत ठेवणे उत्तम. वडी आणि दोन कप गोड चहा यांतच ती मर्यादा ओलांडली जाते. उपाय सोपा आहे. वीसऐवजी चाळीस वड्या पाडा. चव तीच राहते, आणि लोक दुसरी वडी घेतातच असे नाही.

'शुगर फ्री, फक्त खजूर' असे लिहिलेल्या वड्यांबद्दल मधुमेह्यांनी सावध राहावे. खजुरात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमहून अधिक साखर असते. साध्या साखरेपेक्षा खजूर बरा, कारण त्यात चोथा आणि खनिजे आहेत. पण रक्तातली साखर तो वाढवतोच.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास घाबरू नये आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जलसंजीवनीचे पाकीट आणून त्यावर लिहिल्याप्रमाणे विरघळवावे. ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा एकेक चमचा सुरू करावे. सहा तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, ताप चढला, गुंगी आली, किंवा रुग्ण तान्हे मूल, वृद्ध, गरोदर स्त्री वा मधुमेही असेल, तर घरी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. सोबत कोणी काय आणि किती वाजता खाल्ले हे सांगावे, उरलेला पदार्थ असेल तर तो झाकून आणावा. निदान करताना या माहितीचा फार उपयोग होतो.

विकत घेणाऱ्यांनीही थोडे भान ठेवावे. क्रॅकर्स घेताना मीठ किती घातले ते विचारा. वडी घेताना ती केव्हा केली ते विचारा आणि डबा हातात गार लागतो का ते पाहा. असे विचारले म्हणून चांगली करणारी बाई रागावत नाही.